शारदाची सातवी गोळी

केतकी, ये, अशी जवळ बस. इथे परदेशात तू विंडसरला आणि मी लांब मिल्टनला, तेव्हा हे बसणं कागदावरचंच. पण आधी थोडी बोलणी खा. गेल्या डिसेंबरात दोन दिवस आलीस, त्यानंतर तोंड दाखवलं नाहीस. फोन केला की "मावशी, शिफ्ट आहे," "मावशी, असाइनमेंट आहे." जेवतेस काय, तर पाकिटातल्या शेवया. विंटर जॅकेट घेतलंस का, तर "सेल लागू दे." अगं, थंडी सेलची वाट बघत नाही.

असो. डिसेंबरात जेवताना तू मला विचारलंस, "मावशी, शारदाआत्या नेमकी कशी गेली?" मी म्हटलं, रेंजवर अपघात झाला. तू म्हणालीस, "बाबा म्हणतात ती फार घाईची होती. तिचीच चूक झाली." मी "हं" म्हटलं आणि तुझ्या पानात भाजी वाढली.

ते "हं" खोटं होतं. आज खरं लिहिते. इथल्या मराठी मंडळाला दिवाळी अंकासाठी माझ्या नोकरीच्या आठवणी हव्या आहेत. त्यांना हेच देणार आहे. पण छापायच्या आधी तू वाच, आणि मग फोनवर तुझ्या बाबांना वाचून दाखव.

सुरुवात इथून करते, कारण गोष्ट इथेच उकरली गेली.

आमच्या गल्लीत दोन घरं सोडून देशपांडे राहतात. कनाटा शहरातल्या टेलिफोन कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर, वय बहात्तर. दोन वर्षांपूर्वी मुलाजवळ राहायला इकडे आले. माणूस चांगला. माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता शोव्हल करून देतो. पण गेल्या वर्षी त्यांनी रायफल घेतली, आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू.

रायफल म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीची नक्कल. नव्या कारखान्यात बनवलेली, गोळी ७.६२ ची, पण लाकूड, बोल्ट, मागची पुढची साइट, सगळं जुन्यासारखं. खरी जुनी रायफल संग्रहातली माणसं घेतात, ती महाग पडते. आमची सर्व्हिसची एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, तर इथे घरी ठेवताच येत नाही. अशा नकला कायद्यात बसतात आणि पेन्शनीत परवडतात, म्हणून रिटायर झालेल्यांना त्यांचं वेड.

गेल्या वर्षीच्या गणपतीत देशपांडे मंडळाच्या हॉलमध्ये फोनवर टार्गेटचे फोटो दाखवत उभे होते. भोवती दहा-बारा माणसं. "रिकॉइल म्हणजे काय, ते खांद्याला कळतं," असं चाललेलं. लोक त्यांना गमतीनं कर्नल म्हणायला लागले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "बट खांद्यात घट्ट धरलात तर एवढं लागत नाही."

"काकू," सेक्रेटरी म्हणाला, "तुम्ही वाटल्या डाळीचं बघता का जरा? रांग लागलीय."

देशपांडे हसून म्हणाले, "अरे, त्यांना विचारा, त्या होत्या ना फोर्समध्ये. पण तुम्ही आर्मी नव्हे ना, सुभद्राताई? पोलीससारखंच काहीतरी?"

"निमलष्करी," मी म्हटलं. "महिला बटालियन. एकवीस वर्षं. हवालदार म्हणून रिटायर." आणि डाळीचं बघायला गेले.

त्या रात्री मुलीला, मनीषाला, सांगितलं, मला बंदुकीचं लायसन्स काढायचंय.

"आई, आर यू सीरियस?"

नात म्हणाली, "आजी, दॅट्स सो रँडम."

दोन दिवसांचा कोर्स केला. पीआर, म्हणजे इथल्या कायम रहिवासाचं कार्ड, आधीच होतं. शिकवणाऱ्यानं विचारलं, "मॅडम, हॅव यू हँडल्ड अ फायरआर्म बिफोर?" मी म्हटलं, "अ लिटल." लेखी परीक्षा इंग्रजीत होती. दहावीपर्यंतचं माझं शिक्षण, पुढचं इंग्रजी नातीच्या पुस्तकांवर आणि ग्रोसरीच्या डब्यांवर शिकलेलं. पास झाले. प्रॅक्टिकलला मी रायफल हातात घेतली, नळी सुरक्षित दिशेला केली, बोल्ट उघडला, चेंबर बघितला. शिकवणारा म्हणाला, "ओके, दॅट वॉज नॉट अ लिटल."

लायसन्स आठ महिन्यांनी पोस्टानं आलं. पुढच्याच आठवड्यात मी देशपांड्यांसारखीच नक्कल घेतली. तशीच हवी होती, दुसरी नको. बेसमेंटमध्ये कुलूपबंद कपाट, ट्रिगरला वेगळं लॉक, गोळ्या दुसऱ्या कपाटात. पहिल्या दिवशी तिला तेल लावताना माझ्या हातांना सगळं आठवत होतं. ट्रेनिंगचे पहिले तीन महिने आम्ही थ्री-नॉट-थ्रीवरच घासले होते. नळी साफ करायच्या कापडाच्या पट्टीला आम्ही चिंदी म्हणायचो. तुझी आत्या चिंदी ओढताना नेहमी म्हणायची, "उस्तादाचं नाक असं साफ केलं पाहिजे."

आता आत्याकडे येते.

आम्ही दोघी कराड तालुक्यातल्या. गावं शेजारी, भरती एकाच दिवशी. बटालियनमध्ये सगळ्या हिंदी बोलणाऱ्या, मराठी आम्ही दोघीच. बडी म्हणून नावं एकत्र लागली. बडी म्हणजे जोडी. खाट शेजारी, ड्यूटी एकत्र, एक आजारी तर दुसरी पाणी आणणार. तिचे वरचे दोन दात पुढे होते आणि हसताना ती ते लपवत नसे.

ती कंपनीतली सगळ्यात चांगली नेमबाज होती. मी दुसरी. हे कुणाला विचारायची गरज नव्हती, फळ्यावर आकडे असायचे. दर महिन्याला तेच. शारदा वर, मी खाली, कधी दोन गुणांनी, कधी एका. ती माझ्या खाटेवर बसून म्हणायची, "सुभे, तू ट्रिगर ओढतेस. दाबायचा असतो गं." प्रेमानं म्हणायची. त्यामुळे जास्त झोंबायचं.

पोस्टिंग जम्मूकडच्या एका कॅम्पात होती. जानेवारी महिना. फायरिंग टीमसाठी कंपनीतून एकच नाव जाणार होतं. जी जाईल तिला बाहीवर क्रॉस रायफलचा बिल्ला मिळणार होता. निवड तीन प्रॅक्टिसच्या बेरजेवर. दोन झाल्या होत्या. शारदा माझ्या तीन गुण पुढे.

तिसरी प्रॅक्टिस जलद फायर. दोनशे यार्ड, लेटून, दहा गोळ्या, एक मिनिट.

०५:३० ला उठलो. ०६:१५ चहा. ०७:०० कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफली घेतल्या. ०८:२० रेंजवर. धुकं होतं, म्हणून ०९:०० पर्यंत थांबलो. शारदा लेन चारमध्ये, मी पाचमध्ये. कानात कापसाचे बोळे. माझ्या डाव्या कानातला बोळा आडवं होताना पडला. उचलायला वेळ नव्हता. डावा कान शारदाच्या बाजूला.

आम्हाला नेमबाजी शिकवणारे उस्ताद हरपालसिंग मागून ओरडले, "भर!"

मग, "फायर!"

मी पाच गोळ्या मारल्या. सहावी मारायच्या आत शेजारून आवाज आला. तो ठो नव्हता. फुस्स असा, ओल्या फटाक्यासारखा. तिची सातवी गोळी. मी मोजत होते. तिच्या गोळ्या मी नेहमी मोजायचे.

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. काडतुसात दारू कमी असली तर असा आवाज होतो. गोळी नळीतून बाहेर पडत नाही, मध्येच अडकते. त्यावर दुसरी गोळी मारली तर नळी फुटते. असा आवाज ऐकला की थांबायचं. फायर करणारी थांबली नाही, तर ज्यानं ऐकलं त्यानं ओरडायचं. रँक बघायची नाही.

पण आम्हाला दुसरंही एक शिकवलं होतं. रायफल अचानक थांबली तर फौरी इलाज. हात आपोआप चालला पाहिजे, कॉक कर, म्हणजे दस्ता ओढून पुढची गोळी भर, शिस्त घे, म्हणजे नेम धर, फायर. हे महिनोन्‌महिने घोटून घेतलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून सुद्धा. शारदाचा फौरी इलाज कंपनीत सगळ्यात जलद होता. दीड सेकंद. उस्ताद तिला पुढे उभी करून बाकीच्यांना दाखवायचे.

त्या दीड सेकंदात ती विचार करत नव्हती. तिला विचार न करायलाच शिकवलं होतं. कानात बोळे, मिनिट पळत असलेलं. मी मात्र ऐकलं होतं. आणि माझ्या मनात जे आलं ते हे, "गेली हिची गोळी वाया. आता मी पुढे."

एवढंच. माझं तोंड उघडलं नाही.

तिनं कॉक केलं आणि आठवी मारली.

उस्ताद ओरडले, "फायर रोक! खाली कर!" मी लेन चारमध्ये पोचले तेव्हा ती कुशीवर होती. मॅगझिन खालून उडालं होतं. गळ्याच्या बाजूला लागलं होतं. मी फील्ड पट्टी दाबून धरली. मागे वायरलेसवर चाललेलं ऐकू येत होतं.

"टायगर, टायगर फॉर रेंज. एक कॅज्युअल्टी. गाडी भेजो. ओव्हर."

"रेंज, टायगर. नाम? ओव्हर."

"सिपाही शारदा. जल्दी करो. ओव्हर."

०९:२२ ला गाडी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हॉस्पिटलमध्ये ती गेली. शुद्धीवर आली नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी साक्षीदार क्रमांक तीन.

"तुम बगलवाली लेन में थीं। उसकी सातवीं गोली की आवाज़ अलग थी?"

"नहीं साहब।"

"कुछ नहीं सुना?"

"नहीं साहब। कान में रुई थी।"

साहेबांनी लिहून घेतलं. मी सही केली. निष्कर्षात आलं की फायररनं कमकुवत आवाजाकडे लक्ष न देता घाईनं रायफल कॉक केली. "फायररची चूक." हेच पत्र तुझ्या आजोबांना गेलं. हेच तुझ्या बाबांनी लहानपणापासून ऐकलं. ती लढाईत गेली नाही म्हणून बटालियनच्या शहिदांच्या फळ्यावर तिचं नाव नाही. आणि घरात जे नाव राहिलं ते असं, घाईची होती.

ती घाईची नव्हती, केतकी. तिला जसं घडवलं होतं तशी ती होती, आणि सगळ्यांत चांगली घडली होती. मी "आवाज ऐकला" म्हटलं असतं तर साहेबांनी पुढे विचारलं असतं, मग ओरडली का नाहीस. त्या प्रश्नाची मला भीती वाटली. म्हणून चूक तिच्या नावावर गेली.

टीममध्ये माझं नाव लागलं. बिल्ला मिळाला. तो मी एकोणीस वर्षं बाहीवर लावला. परेडला, लग्नांना, तुमच्या घरी आले तेव्हासुद्धा. तुझ्या आजीनं एकदा त्यावरून हात फिरवला होता.

आता सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. ०८:१० ला देशपांड्यांच्या गाडीतून निघालो. त्यांची रायफल मागे पेटीत, माझी माझ्या पेटीत, दोन्हींना कुलूप. वाटेत डबल-डबल, म्हणजे दुप्पट साखर-क्रीमची, कॉफी घेतली. ते म्हणाले, "ताई, आज बघा. गोळ्या मी घरी भरल्यात. बेसमेंटमध्ये प्रेस बसवलाय. दुकानातल्यापेक्षा ग्रुप घट्ट येतो."

इथे बरेच जण काडतुसं स्वतः भरतात. रिकामी पितळी केस, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. कायद्यानं चालतं. मला वाटलं, या माणसाकडे प्रेससुद्धा आहे. म्हणजे झालंच.

०९:४० ला रेंजवर. शंभर यार्डाची लाइन, दोन बाक शेजारी. रेंज ऑफिसर चोवीस-पंचवीसची पोरगी, केली. नारिंगी वेस्ट, केसांची वेणी. तिनं नियम सांगितले आणि शेवटी म्हणाली, "एनीवन कॅन कॉल सीझ फायर. एनीवन. गॉट इट?"

पहिल्या पाच गोळ्यांत देशपांड्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा घोळका, माझ्याहून लहान आला. टार्गेटवर वाटीभर जागा. माझा बशीभर. माझी नजर आता साथ देत नाही, हे खरं. पण बहात्तरीच्या टेलिफोन इंजिनियरनं मला मागे टाकावं! ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काय हवालदारसाहेब? सराव कमी पडतोय?"

मी म्हटलं, "तुमचं नशीब जोरावर आहे."

दुसरी फेरी. आम्ही दोघंच लाइनवर. मी त्यांच्या गोळ्या मोजत होते. सवय जात नाही. एक, दोन, तीन.

चौथी फुस्स गेली. कानावर आवाज अडवणारे मफ होते तरी मला कळलं. हा आवाज मला कुठेही कळेल.

ते बोल्ट ओढत होते. बोल्ट रायफलीत हात ते सवयीनं आपोआपच करतो, मागे, पुढे, बंद. आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? "गेली यांची गोळी वाया." शब्दही तेच. मला तिथे त्या बाकावर बसून कळत होतं की शब्द तेच आहेत. आणि तरी माझं तोंड बंद.

"सीझ फायर! सीझ फायर! हँड्स ऑफ द रायफल, सर!"

केली. ती आमच्यापासून वीस पावलांवर होती. मी तीन हातांवर.

देशपांड्यांनी हात वर केले. बोल्ट बंद झाला होता, बोट ट्रिगरकडे निघालं होतं. केलीनं रायफल हातात घेतली, बोल्ट उघडला, गोळी काढली, नळीत पितळेची सळई घातली. सळई मध्येच थांबली. "देअर शी इज," ती म्हणाली. हातोडीनं ठोकल्यावर गोळी बाहेर पडली. चार नंबरच्या काडतुसात दारू घालायची राहून गेली होती. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी अर्ध्या नळीपर्यंत गेली होती.

देशपांडे बाकावर बसले. म्हणाले, "नातवाचा फोन आला होता मध्येच, भरताना." मग केलीला "थँक यू" म्हणाले, तीन वेळा.

केली माझ्याकडे वळली. "यू वर राइट देअर. डिड यू हिअर इट?"

कोर्टात साहेबांनी हाच प्रश्न विचारला होता. मी या वेळी म्हटलं, "यस. आय हर्ड."

"देन व्हाय डिडन्ट यू कॉल इट?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. त्या पोरीचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही, शारदाचाही नाही. नेमाचा नाही, तरुण डोळ्यांचा नाही. तिनं ऐकलं आणि ती ओरडली, मध्ये काहीच नव्हतं, त्याचा. माझ्या जागी आमच्या लेन पाचमध्ये ती असती तर तुझी आत्या आज साठीची असती, आणि पुढच्या दातांची कवळी करून घे म्हणून तुझे बाबा तिच्या मागे लागले असते.

मी केलीला म्हटलं, "आय वॉज जेलस." तिला कळलं नाही. ती म्हणाली, "इट्स ओके, यू फ्रोझ, इट हॅपन्स." नाही. मी गोठले नव्हते. पण तिला तिथे उभ्या उभ्या काय सांगणार.

परतताना घराच्या जवळ आल्यावर देशपांडे म्हणाले, "ताई, तुम्ही एकवीस वर्षांत असं पाहिलं होतं का कधी?"

"एकदा," मी म्हटलं.

"काय झालं होतं?"

तेव्हा ड्राइव्हवेत गाडी लावून मी त्यांना सगळं सांगितलं. मनीषाच्या बाबांनासुद्धा मी हे कधी सांगितलं नव्हतं. देशपांड्यांनी ऐकून घेतलं. धीर देणारं काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. फक्त म्हणाले, "त्या मुलीच्या घरच्यांना माहीत आहे?"

म्हणून हे लिहिलं. बटालियनच्या रेकॉर्ड ऑफिसला हिंदीत वेगळं पत्र टाकलंय: साक्षीदार क्रमांक तीननं आवाज ऐकला होता आणि खोटी साक्ष दिली. ते फाइल उघडतील की नाही माहीत नाही. उत्तर आलं तर तुला पाठवीन. फळ्यावर नाव लागणं माझ्या हातात नाही. घरातलं नाव नीट करणं आहे.

माझी रायफल मी विकायला टाकली आहे. देशपांडे म्हणाले, ठेवा. मला तिचा राग नाही. पण मी रेंजवर दुसऱ्याच्या गोळ्या मोजते, आणि अशा माणसानं तिथे जाऊ नये.

शारदा धोंडिबा पवार. सिपाही. दोनशे यार्डावर दहा गोळ्यांत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मारणारी. पावसात पहाऱ्याची ड्यूटी लागली की नंतर माझा ओला पोंचो स्वतःच्या खाटेवर वाळत घालणारी. घरच्या पत्रात "मी मजेत आहे" लिहून मग माझ्याकडे बघून डोळा मारणारी. तिच्या शेवटच्या प्रॅक्टिसमध्ये सातव्या गोळीपर्यंत ती माझ्या पुढे होती, आणि ते खरं आहे. तिची काही चूक नव्हती.

बाबांना वाचून दाखवलंस की ते काय म्हणतील, मला अंदाज आहे. म्हणू देत. तूही रागाव. पण फोनवर नको रागावूस, आणि मेसेज करून तर मुळीच नको. पुढच्या आठवड्यात तुझा रीडिंग वीक, कॉलेजची सुट्टी, आहे ना? शिफ्ट बदलून घे. बसचं तिकीट मी काढते. समोर बसून जे बोलायचं ते बोल, मी ऐकेन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. उशीर करू नकोस, केतकी. लवकर ये.